सुई ज्याला टोचते तोच कुठल्या पॉलिसीत नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी अमळनेरचा, तुमच्या पेपरचा जुना वाचक. धंदा जनरल इन्शुरन्सचा, 22 वर्षं झाली. गाड्या, दुकानं, जिनिंग आणि त्यासोबत तालुक्यातल्या बऱ्याच डॉक्टर मंडळींच्या पॉलिसी माझ्याकडे असतात. संपादकाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, पण जुलैमध्ये आमच्या गल्लीत जे झालं ते डोक्यातून जातच नाहीये आणि त्यात माझ्याच धंद्याचा संबंध आहे म्हणून लिहितोय.

आमच्या गल्लीत घंटागाडी सकाळी सातच्या सुमारास येते. गाडीवर एक ताई आहेत, आठ-नऊ वर्षांपासून त्याच येतात, नाव लिहीत नाही. त्या दिवशी कोपऱ्यावर कुणीतरी काळी पिशवी टाकून गेलेलं, ताईंनी ती उचलून ओला-सुका वेगळा करायला हात घातला आणि सुई सरळ तळहातात घुसली. हातात मोजे होते पण कसले, सुती, पातळ. ताईंनी पदराला रक्त पुसलं, आमच्याकडून हळद मागून लावली आणि पुढच्या गल्लीत निघून गेल्या. मी म्हटलं ताई दवाखान्यात चला, तर म्हणे, "काही नई व्हस भाऊ, हाई तं रोजनं शे." रोजचंच आहे. साहेब, हे वाक्य ऐकून मी पण गप्प बसलो याचं मला आजही वाईट वाटतं, कारण तो अख्खा दिवस आम्ही वाया घालवला.

पिशवी मी नंतर काठीने उघडून पाहिली. केळीची सालं, चहाचा चोथा, त्यात सलाईनची नळी, रक्ताचा कापूस आणि सुईसकट दोन सिरिंज. पिशवीवर नाव नाही, बारकोड नाही, काही नाही. आमच्या आजूबाजूला चार-पाच दवाखाने, दोन लॅब, शिवाय घरोघरी शुगरचे पेशंट. कुणाची म्हणायची?

दुसऱ्या दिवशी मिसेसनी ताईंचा हात पाहिला आणि जबरदस्ती सरकारी दवाखान्यात नेलं, मी सोबत होतो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, किती तास झाले? तेव्हा कळलं की एचआयव्हीपासून वाचवणाऱ्या गोळ्या शक्यतो 2 तासांत आणि जास्तीत जास्त 72 तासांच्या आत सुरू व्हायला पाहिजेत आणि मग 28 दिवस रोज घ्यायच्या. सुई कुणाची ते माहीत नाही म्हणून डॉक्टरांनी विचार करून त्या सुरू केल्या. मग विचारलं, काविळीची लस घेतली आहे का, हिपॅटायटिस बी ची. आठ-नऊ वर्षं कचऱ्यात हात घालणाऱ्या बाईला एक डोस मिळालेला नव्हता. डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं, की सुई हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाची असेल आणि टोचलेल्याने लस घेतलेली नसेल तर शंभरात तीसपर्यंत लोकांना लागण होऊ शकते, हिपॅटायटिस सी ची साधारण शंभरात तीन, एचआयव्हीची हजारात तीन. आपण सगळे घाबरतो एचआयव्हीला आणि खरा मोठा धोका बी काविळीचा, जिची लस आहे, आणि तो विषाणू वाळलेल्या रक्तातसुद्धा 7 दिवस टिकू शकतो. म्हणजे कोपऱ्यावर आठवडाभर पडलेली सुई पण जुनी झाली म्हणून सुरक्षित धरता येत नाही.

गोळ्या फुकट मिळाल्या, त्याबद्दल दवाखान्याचे आभार. पण गोळ्यांनी ताईंना मळमळ, उलट्या, नऊ दिवस कामावर जाता आलं नाही आणि नऊ दिवसांची मजुरी कापली गेली. मी विम्याचा माणूस, मला वाटलं हे तर सोपं काम आहे, घंटागाडीच्या ठेकेदाराकडे वर्कमन कॉम्पेन्सेशनची पॉलिसी, म्हणजे कामावर कामगाराला इजा झाली तर भरपाई देणारी, असेलच. गेलो विचारायला. पॉलिसी होती, पण जेवढी माणसं गाड्यांवर दिसतात त्याच्या निम्मीसुद्धा त्यात दाखवलेली नव्हती, प्रीमियम वाचवायला पगारपत्रकावर माणसं कमी दाखवायची जुनी पद्धत, आणि ताई त्या यादीत नव्हत्या. पालिकेत विचारलं तर सांगितलं कामगार ठेकेदाराचे आहेत. दवाखानेवाले म्हणाले आमची पिशवी नाहीच. बरोबर आहे, सिद्ध कोण करणार?

त्यानंतर मी घरी बसून माझ्या डॉक्टर ग्राहकांच्या पॉलिसी एकेक करून नीट वाचल्या, शेवटच्या पानापर्यंत. मी विकलेल्या पॉलिसी मीच इतक्या बारकाईने पहिल्यांदा वाचल्या हे कबूल करतो. आपल्याकडे डॉक्टर घेतात ती प्रोफेशनल इन्डेम्निटी. ती कशासाठी, तर उपचारात चूक झाली म्हणून पेशंटने केस केली तर. दवाखान्याबाहेरच्या माणसाला दवाखान्यातल्या कचऱ्याची सुई टोचली तर तो काय पेशंट नाही, त्याला काय उपचार दिलेला नाही, तिथे ही पॉलिसी लागू पडेल अशा भरवशावर कुणी राहू नये. दुसरी असते पब्लिक लायबिलिटी, बाहेरच्या माणसाचं नुकसान झालं तर. ती आमच्या भागात फार कमी दवाखान्यांकडे आहे, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनी एक्स्क्लुजनचं पान उघडून बघा, प्रदूषणामुळे झालेलं नुकसान त्यात वगळलेलं असतं. जादा प्रीमियम भरून ते वेगळं वाढवून घ्यावं लागतं आणि ते पण अचानक घडलेल्या अपघाती प्रदूषणापुरतं, रोज थोडं थोडं मागच्या भिंतीशी जाळलं त्यासाठी नाही. आणखी एक अट, ती सगळ्यात महत्त्वाची. जाणूनबुजून कायद्याचा नियम पाळला नाही आणि त्यातून नुकसान झालं तर क्लेम मिळत नाही. दंड तर कुठलीच पॉलिसी भरत नाही.

आता हे नियमाशी जोडून बघा. जैववैद्यकीय कचऱ्याचे, म्हणजे दवाखाने-लॅबमधून निघणाऱ्या सुया, रक्ताचा कापूस अशा कचऱ्याचे, आत्ताचे नियम 2016 चे, त्याआधी 1998 चे होते. 1998 च्या नियमात महिन्याला 1000 पेक्षा कमी पेशंट पाहणाऱ्या छोट्या दवाखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीतून सूट होती. बरेच जुने डॉक्टर अजून त्याच समजुतीत आहेत, मला स्वतःला दोघा-तिघांनी सांगितलं की आपलं छोटं क्लिनिक, आपल्याला लागू नाही. 2016 पासून ती सूट गेली. एकही खाट नसलेलं क्लिनिक असो की लॅब, मंडळाची परवानगी सगळ्यांना लागते, खाटा नसतील तर ती एकदाच काढायची असते, दरवर्षी चकरा मारायच्या नाहीत. आणि त्याच नियमांत 18 नंबरचा नियम आहे, की कचरा नीट हाताळला नाही म्हणून पर्यावरणाचं किंवा लोकांचं जे काही नुकसान होईल त्याची जबाबदारी दवाखाना चालवणाऱ्याची आणि दवाखान्यांचा कचरा गोळा करून त्याची विल्हेवाट लावणारं प्रक्रिया केंद्र चालवणाऱ्याची. सगळ्या नुकसानीची. म्हणजे जबाबदारी कायद्याने अंगावर आहे, पॉलिसी मात्र त्या जागी नाही, आणि परवानगीच काढली नसेल तर पॉलिसी घेऊनसुद्धा क्लेमच्या वेळी कंपनी तेच कारण पुढे करेल. हे मी आता प्रत्येक रिन्यूअलच्या वेळी समोर बसून सांगतो. काही जण ऐकतात, काही म्हणतात भाऊ तुम्ही प्रीमियम वाढवायला सांगताय. नाही हो, परवानगी आणि बारकोडचे पैसे काय माझ्या खिशात येत नाहीत.

बारकोडचं जरा सविस्तर सांगतो कारण ते लोकांना कटकट वाटतं. पिवळ्या पिशवीत रक्ताचं ड्रेसिंग, शरीराचे भाग, मुदत संपलेली औषधं वगैरे. लालमध्ये नळ्या, सलाईनच्या प्लास्टिक बाटल्या, लघवीच्या पिशव्या, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंज. सुया, ब्लेड असं टोकदार सगळं पांढऱ्या टणक डब्यात ज्यातून सुई आरपार येणार नाही. काचेच्या बाटल्या, अँप्यूल निळ्यात. पिशवीवर बारकोड, केंद्राचा गाडीवाला आला की स्कॅन, वजन, रजिस्टरला नोंद. डॉक्टर समजतात की महिन्याचे पैसे केंद्राला भरले, विषय संपला. तसं नाहीये. ती स्कॅन झालेली नोंद हाच एकमेव पुरावा आहे की तुमचा माल तुमच्या दारातून नीट गेला. उद्या कोपऱ्यावर सुई सापडली आणि सगळे तुमच्याकडे बोट दाखवायला लागले तर वकील काय दाखवेल? पेशंट रजिस्टरला महिन्यात 600 इंजेक्शनं आणि पांढरा डबा तीन महिन्यांत एकदा गेलेला, असं निघालं तर बाकीच्या सुया कुठे गेल्या? मी सर्वेअर, म्हणजे क्लेमचं नुकसान तपासणाऱ्या लोकांसोबत फिरलेलो माणूस आहे, जिनिंगची आग असो की काही, आधी रजिस्टर मागतात. इथेही तेच होणार.

आणि वेगळं करायचं ते जागेवरच. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे की दवाखान्यातल्या एकूण कचऱ्यात साधारण 85 टक्के घरच्यासारखा साधाच असतो, कागद, जेवणाचं, पॅकिंग, धोक्याचा फक्त 15 टक्के. ते 15 टक्के 85 मध्ये मिसळले की सगळाच धोक्याचा झाला. वॉर्डातल्या मावशींना हे कुणी शिकवत नाही, त्या बिचाऱ्या संध्याकाळी सगळे डबे एकाच पोत्यात ओततात आणि मग डॉक्टर म्हणतात मी तर चार रंगाचे डबे आणून ठेवलेत. ट्रेनिंग आणि काविळीची लस देणं हे पण नियमातच आहे, डॉक्टरांच्या मर्जीवर सोडलेलं नाही.

सुई कापून, सिरिंज वेगळी करून देण्यामागे अजून एक कारण आहे. आपल्या खान्देशाला लागून गुजरात. तिथे मोडासा भागात 2009 साली बी काविळीची मोठी साथ आली, वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने, आणि बरेच जीव गेले. आपल्याकडे पण भंगारवाला दवाखान्याच्या मागे येऊन प्लास्टिक किलोने घेऊन जातो हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चार पैशांसाठी हे करू नका, हात जोडून सांगतो. आणि मागच्या वाड्यात जाळणं तर त्याहून वाईट. केंद्रातल्या भट्टीला दोन कप्पे असतात, दुसऱ्या कप्प्यात 1050 डिग्रीच्या आसपास तापमान ठेवावं लागतं तेव्हा कुठे धुरातली विषं जळतात, उकिरड्यावर रॉकेल टाकून पेटवलं तर डायॉक्सिन सगळं आपल्याच पोरांच्या नाकात.

दवाखान्यांनाच सगळा दोष देऊन मला हे पत्र लिहायचं नाही. ताईंना टोचली ती सुई एखाद्या घरातली पण असू शकते. आमच्या गल्लीत मोजायला बसलो तर दहा-बारा घरांत इन्सुलिन चालू आहे, माझ्या आईचं पण. दिवसातून दोन सुया धरल्या तरी एका घरातून महिन्याला 60. कुठे जातात? आमच्याकडे पण सांगायला लाज वाटते, जुलैपर्यंत चहाच्या चोथ्यासोबतच जात होत्या. घरातल्या वापरलेल्या सुया, सिरिंज, मुदत गेलेली औषधं हा घरगुती घातक कचरा आहे, तो वेगळा द्यायचा आणि पालिकेने वेगळा गोळा करायचा, असं 2016 च्याच घनकचरा नियमात सांगितलेलं. पण गोळा करायचं केंद्र कुठे आहे ते आमच्या गल्लीत विचारून बघा, कुणालाच सांगता येणार नाही. आता आम्ही टणक प्लास्टिकची जुनी बरणी ठेवलीये, झाकण घट्ट, भरली की ओळखीच्या लॅबवाल्याला देतो, तो त्याच्या पांढऱ्या डब्यात घेतो. पण हे ओळखीवर चाललंय. मेडिकल दुकानात असा एक डबा ठेवला, इन्सुलिन घ्यायला आलेल्याने जुन्या सुया तिथेच टाकल्या आणि केंद्राची गाडी तिथूनही घेऊन गेली, तर किती सोपं होईल. खर्च पालिकेने उचलावा.

सातपुड्यातली गोष्ट अजून वेगळी आहे. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या उपकेंद्रांतून लसीकरणाच्या सुया पण निघतात आणि बाळंतपणाचा कचरा पण. नियम सांगतो की प्रक्रिया न केलेला कचरा 48 तासांच्या वर ठेवायचा नाही, ठेवावाच लागला तर कारण कळवायचं. आणि 75 किलोमीटरच्या आत सामायिक केंद्राची सेवा असेल तर दवाखान्याने स्वतःची भट्टी लावायची नाही. जिथे पोचता येतच नाही तिथे परवानगीने खोल खड्डा चालतो, 2 मीटर खोल, अर्धा भरला की चुना आणि माती, आणि भूजल खड्ड्याच्या तळापासून किमान 6 मीटर खाली पाहिजे. पावसाळ्यात घाटातला रस्ता बंद झाला की गाडी येत नाही, आणि मे महिन्यात आपल्याकडे 45 डिग्री असते, त्या उन्हात पिवळी पिशवी दोन दिवस कशी राहते ते तिथल्या सिस्टर बाईंना विचारा. त्यांना थंड पेटी, पक्कं गोदाम आणि ठरलेल्या दिवशी गाडी मिळाली पाहिजे, नुसतं नियमाचं परिपत्रक पाठवून भागत नाही.

आता माझं मुख्य म्हणणं. भोपाळ 1984 ला झालं, त्यानंतर 1991 ला पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्सचा कायदा आला. घातक रसायनं ठरलेल्या प्रमाणाच्या वर हाताळणाऱ्या कारखान्याने विमा घ्यायलाच पाहिजे, आणि अपघात झाला तर बाहेरच्या माणसाने कलेक्टरकडे अर्ज करायचा, चूक कुणाची हे त्याने सिद्ध करायची गरज नाही, तात्पुरती मदत आधी मिळते. मला हा कायदा फार आवडतो कारण त्यात गरीब माणसाला वकील शोधत बसावं लागत नाही. पण तो रसायनांच्या यादीवर चालतो, कोपऱ्यावरच्या सुईला तो लागू नाही. ताईंच्या बाबतीत मला नेमकं हेच हवं होतं. कुणाची सुई हे कधीच सिद्ध होणार नाही, म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतले सगळे दवाखाने, लॅब, प्रक्रिया केंद्र आणि पालिका मिळून एक सामायिक पॉलिसी घ्यायला काय हरकत आहे? परवानगीच्या वेळीच प्रत्येकाकडून खाटांच्या हिशोबाने थोडी वर्गणी घ्यायची. सफाई कामगाराला, कचरा वेचणाऱ्याला सुई टोचली की सरकारी दवाखान्याच्या कागदावर तपासण्यांचा खर्च आणि बुडालेली मजुरी लगेच मिळावी, आणि नंतर आजार निघाला तर मोठी भरपाई. कुणाची पिशवी ते मागाहून शोधा. एकट्या डॉक्टरला जड जाणारा प्रीमियम तीन जिल्ह्यांत वाटला तर फार नाही होणार, ग्रुप पॉलिसीचं गणित मी रोज करतो. खान्देशातल्या डॉक्टरांच्या संघटनांनी हे मनावर घ्यावं, मी लागेल ती मदत विनामोबदला करायला तयार आहे, पॉलिसी दुसऱ्या कुणाकडून घेतली तरी चालेल.

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत पालिकांना एक काम आजच करता येतं. घंटागाडीच्या ठेक्यात लिहायचं की गाडीवर जेवढी माणसं तेवढ्यांची नावं वर्कमन कॉम्पेन्सेशन पॉलिसीत पाहिजेत, नाहीतर बिल निघणार नाही. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या (2025 मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली) परिशिष्टात कामातून लागणारे संसर्गजन्य आजार धरलेले होते, दवाखाने आणि लॅबच्या कामाचा तिथे नावाने उल्लेख होता. कचऱ्याचं काम त्यात बसतं की नाही यावर वाद घालण्यापेक्षा पॉलिसीतच स्पष्ट लिहून घेता येतं. सोबत सगळ्यांना लसीचे तिन्ही डोस आणि जाड मोजे. लसीला असा किती खर्च येणार आहे? आणि मुकादमाला एवढंच शिकवा की सुई टोचली तर पिळायचं नाही, हळद लावायची नाही, साबण-पाण्याने धुवायचं आणि गाडी तिथेच सोडून दोन तासांत दवाखाना गाठायचा, त्या दिवसाची मजुरी न कापता.

ताईंच्या सुरुवातीच्या आणि तीन महिन्यांच्या तपासण्या चांगल्या आल्यात. त्या परत गाडीवर येतात, मिसेसनी आणून दिलेले जाड रबरी मोजे घालून. लसीचे दोन डोस झालेत, तिसरा डोस आणि सहा महिन्यांची तपासणी जानेवारीत एकदमच आहे. मध्ये ठेका बदलतोय असं ऐकतो, नवीन ठेकेदार त्यांना ठेवेल की नाही, दुसऱ्या भागात पाठवेल, काही सांगता येत नाही. म्हणून ती तारीख मी माझ्या रिन्यूअलच्या डायरीत लिहून ठेवलीये.

आपला वाचक,
एक विमा सल्लागार, अमळनेर, जि. जळगाव
(नाव छापू नये ही विनंती, ताई ओळखू येतील)